१ किंवा २

करतो की करते, यावर बाणेरच्या ऑफिसात
सव्वा तास मीटिंग चालली.
शेवटी करते ठरलं.
बाईचा आवाज म्हणे लोकांना काळजीचा वाटतो.
मग मी लिहिलं:
नमस्कार! मी तुमची आरोग्यसखी. मी तुम्हाला मदत करते.
साखरेच्या पेशंटना, रोज सकाळी आठला.
पायाला जखम आहे का? असेल तर १, नसेल तर २.

दांडेकर पुलाच्या वस्तीतल्या इंदुबाई खैरमोडे
१ दाबत नाहीत, २ही नाही.
त्या माइकवर बोलतात, अक्षरं आपोआप उमटतात:
जखम नाही बाळा जोडवं रुतलंय
सखीनं त्यातलं जखम नाही एवढंच उचललं
आणि माझंच वाक्य पाठवलं,
फुलाच्या चित्रासकट:
अरे वा! पाय ठणठणीत!

दुसऱ्या दिवशी, हुळहुळतंय.
तिसऱ्या दिवशी, रात्री ठणका होता आता काही कळत नाही.
चौथ्या दिवशी, तू जेवलीस का
माफ करा, मला समजलं नाही. १ किंवा २ निवडा.
त्यांनी २ निवडलं.
पोरीचं मन राखायला असेल.

हे सगळं मी वाचलं गुरुवारी,
महिन्याचा रिपोर्ट करताना.
इंदुबाई 'समाधानी'च्या रकान्यात होत्या.

फोन लावला. दवाखान्यातल्या मुजावर सिस्टर
स्कूटरवरून गेल्या, पिशवीत पक्कड घेऊन.
मालक हयात आहेत, जोडवं काढत नसतात,
इंदुबाई म्हणाल्या.
बरीच घासाघीस झाली.
शेवटी ते मंगळसूत्रात ओवायचं ठरलं.

तेव्हापासून मी यादी करतेय.
ठसठस, ठणका, कळ, चमक, चरचर,
मुंग्या, काचणं, सलणं, रुतणं,
आणि सगळ्यात वर, लाल अक्षरात: काही कळत नाही.
ओजस म्हणतो, एवढं कशाला,
दुखणं टाक, झालं.
मी विचारलं, दाढ दुखली तेव्हा तू काय म्हणाला होतास?
आई गं, म्हणाला.
तेही टाकलं.

एक रकाना अजून रिकामाच आहे.
जेवलीस का, याला सखीनं काय उत्तर द्यायचं?
हो म्हणावं तर खोटं.
नाही म्हणावं, तर ही बाई
त्या पायानं, दोन बस बदलून,
डबा घेऊन बाणेरला येईल
विचारत विचारत.