ढाळ

वेन्डेलिन गवंड्यानं ही फरशी घातली
तेव्हा मालकाला म्हणाला म्हणे,
तीन हातांना एक बोट ढाळ.
पिंपं धुतली की पाणी आपण होऊन निघालं पाहिजे,
त्याला कुणी वाट दाखवायला नको.
चारी भिंतींकडून फरशी मधे उतरत आली.
मधे बिडाची जाळी,
जाळीखाली मोरी, पुढं नदी.

साठ वर्षं बिअरचा फेस वाहिला.
मोड आणून भाजलेल्या सातूचा वास
गावाच्या कपड्यांत असा मुरला
की परगावी दिलेली पोर
पेटी उघडायची
आणि तशीच बसून राहायची.

मग लढाई. तांब्याच्या कढया वितळवायला नेल्या,
त्यांच्या जागी चाकांच्या खाटा आल्या.
पाचरी मारल्या तरी रात्रीतून सरकायच्या.
उजाडताना जखमी सगळे मधे जमलेले,
शेकोटीभोवती बसावं तसे.
लिबुशे नर्स एकेकाला भिंतीशी नेऊन लावी.
एकजण म्हणाला, राहू दे गं, इथं बोलता येतं.
त्या वर्षी जाळीतून काय वाहिलं
ते मला माहीत नाही.

पुढं सरकारी बटाटे.
पोत्यातून सुटला की गडगडत जाळीपाशी.
ओंद्रुश हिशेबनीस तिथून वेचून
कोटाच्या खिशात घाली.
घरंगळलेला माल वहीत चढत नाही, म्हणायचा.
त्याची तीन मुलं त्या वाक्यावर वाढली.
त्यातला मधला माझा बाप.

मग बरीच वर्षं कबुतरं.

आता इथं घरं आहेत.
विकणाऱ्याच्या कागदावर लिहिलं होतं, मूळ फरशी जतन केलेली.
त्याचे वेगळे पैसे.
टेबलाच्या दोन पायांखाली मी पुठ्ठ्याच्या घड्या घातल्यात.
कारागीर आला, पाणसळ ठेवून हसला,
दोन दिवसांत सपाट करून देतो, बाई.
मी त्याला कॉफी पाजून परत पाठवला.

माझ्या घरात काही हरवत नाही.
बटण, पेन्सिल, आईची रक्तदाबाची गोळी,
हातून सुटलं की मधे जाऊन बघायचं.

शनिवारी बादलीभर पाणी ओतते भिंतीकडून.
ते क्षणभर थांबतं, अंदाज घेतं
आणि निघतं.
मी फडकं हातात धरून दारात उभी.