ङ चं चित्र

अंकलिपीत ङ चा चौकोन रिकामा असतो.
ञ चाही.
क ला कमळ मिळालं, ख ला खटारा,
ङ आपला टिंब काखेत धरून उभा,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
साठ वर्षांत मला तो लागला फक्त वाङ्मयात,
आणि वाङ्मयाशी माझा संबंध नाही.
मी मोडी वाचतो.
बडोद्यात, कोठी कचेरीच्या मागे,
झेरॉक्सच्या दुकानाला लागून माझं टेबल.
पानाला दीडशे, फाटकं असेल तर दोनशे.

यामिनी दावाओला गेली डॉक्टरकी शिकायला.
रविवारी फोन करते, पहिला प्रश्न सेव-उसळीचा,
मग भाषेचा.
बाबा, इथे शिक्षक म्हणजे गुरो.
चेहरा मुखा, आशा आसा.
रचणं, घडवणं, निर्माण करणं, सगळं लिखा.
आणि दुखा म्हणजे गरीब माणूस.
मी फोन कानाला तसाच धरून बसलो.
केवढा समुद्र ओलांडला शब्दांनी,
आणि दुःख उतरलं तेही नेमकं
गरिबाच्याच दारात.

तिची घरमालकीण आलिंग लुर्देस
घरात बिसाया बोलते.
फिलिपिनो म्हणे शाळेतून आली, टीव्हीतून आली,
मूळची ती मनिलाकडची, तागालोग.
मी म्हटलं, कळलं.
आम्ही घरात मराठी, जिन्याखाली गुजराती,
आणि भांडण हिंदीत.

पूर्वी त्यांची लिपी होती, बायबायिन.
व्यंजनाच्या पोटात आपल्यासारखाच अ.
डोक्यावर टिकली दिली की इ, पायाशी दिली की उ.
शब्दाच्या शेवटचं व्यंजन लिहीतच नसत.
डोंगर म्हणजे बुन्दोक, लिहायचे बुदो.
उरलेला डोंगर वाचणाऱ्याने चढायचा.
स्पॅनिश पाद्र्यांना हा अंदाज जमेना.
एकाने अक्षराखाली बारीक क्रूस काढला:
इथे स्वर मारावा.
लोकांनी क्रूस गळ्यात घातला,
अक्षराखाली नाही घातला.
मग हळूहळू अक्षरंच गेली.
आता नोटेवर आहेत, शोभेपुरती.

त्याच दिवशी पादऱ्याचे रमणलाल पाटणवाडिया
विहिरीचा कागद घेऊन समोर बसले होते.
काकानदिली.
काकानं दिली? की काका, न दिली?
मोडी अनुस्वार गिळते, शब्द तोडत नाही.
रमणलाल म्हणाले, भाई, एक काय ते सांगा,
कोर्टात तारीख आहे.
मला पाद्र्याची थोडी दया आली.

आता त्यांची वर्णमाला अठ्ठावीस अक्षरांची.
इंग्रजीची सव्वीस,
वर दोन ज्यादा, यामिनी म्हणाली, ओळखा.
एक स्पॅनिशमधून आलेला न्य, डोक्यावर लाट घेऊन.
दुसरा न आणि ग मिळून एकच अक्षर.
मी ते दोनदा मोठ्याने म्हटलं.
ञ.
ङ.
आमच्या अंकलिपीतले दोघंही रिकामे चौकोन!
तिकडे नोकरीला लागले होते,
कोणी कळवलं नाही.

आणि ङ तर शब्दाच्या सुरुवातीला बसतो.
ङायोन, आत्ता.
ङिती, हसू.
ङिपिन, दात.
जीभ काही केल्या वळेना.
न्गि, नगि, निग. तिकडे यामिनी हसून बेजार.
रात्री कवळी वाटीत काढून ठेवली
आणि अंधारात सहज म्हणून पाहिलं, ङि.
निघाला.
घशाच्या पाठीमागून, ओला, गोल.
दात म्हणायचं तर
सुरुवातीला तरी दात लागत नाहीत.

मुलाची मुलगी चार्वी पहिलीत आहे.
मराठी शाळा, वर्गात अकरा पोरं.
तिची अंकलिपी घेऊन मी ङ च्या चौकोनात
पेन्सिलीने एक तोंड काढलं,
बोळकं, हसणारं.
ती म्हणाली, आजोबा, हे तुम्ही.
ञ साठी अजून काही सुचलेलं नाही.

सोमवारी शाळेतून चिठ्ठी आली:
पुस्तकात चित्रे काढू नयेत, पालकांनी सही करावी.
मी केली.
मोडीत.