आडनाव: आर्ची

लाइट गेली की फॉर्म काढायचा, असा शिरस्ताच पडलाय.
बुलावायोत संध्याकाळी सहाला लाइट जाते
आणि माणसं मेणबत्त्या लावून कागदांवर वाकतात.
निदान आमच्या गल्लीत तरी.
समोरचा डेलरॉय, त्याची बहीण, औषधांच्या दुकानातली मिसेस अर्ल,
सगळ्यांना एकदमच आजोबा आठवलेत.

अट तशी साधी.
आजोबा नाहीतर आजी, कुणीतरी एक
विलायतेत जन्मलेलं हवं.
मग पाच वर्षं राहा, काम करा.
मी तिथल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालीन,
त्यांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावीन.
परक्यांचे आजोबा सांभाळीन,
आपला सिद्ध झाला तर.

आपला म्हणजे आर्ची मॅकफेल.
शबानीच्या ॲस्बेस्टॉसच्या खाणीवर मुकादम.
त्याच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या सिथेम्बिलेला
अठ्ठेचाळीस साली मुलगा झाला.
नोंद करायला ती एकटीच गेली.
कारकुनानं बापाच्या रकान्यात आडवी रेघ मारली,
पट्टी लावून,
अजिबात घाई नसलेल्या माणसाची रेघ.
आडनाव काय लावू, म्हणाला.
ती म्हणाली, आर्ची.
आडनाव लावायचं नाही, अशी ताकीद होती.
नावाबद्दल तो काही बोलला नव्हता.

म्हणून आम्ही आर्ची.
माझा बाप डेस्मंड आर्ची, रेल्वेत फिटर.
मी रोशेल आर्ची.
दारातून कुणाला तरी हाक मारावी
आणि कुणी वळूनच पाहू नये,
तसं आमचं घराणं.

त्याच्या लग्नाच्या बायकोची नात हरारेत असायची. गिलियन.
तिला तीन आठवड्यांत शिक्का मिळाला.
आता लीड्सहून बर्फातले फोटो टाकते.
तिची हनुवटी हुबेहूब माझ्या बापाची.
पण हनुवटीची साक्षांकित प्रत
कुठल्या कचेरीत मिळते?

एजंट मोयो म्हणाला, म्हाताऱ्याचा जन्मदाखला तरी मागवून ठेव,
कुणालाही देतात, पैसे भरले की झालं.
भरले.
सात आठवड्यांनी पाकीट आलं,
पोस्टातल्या बाईनं वर दोन डॉलर घेतले ते वेगळेच.

विक, स्कॉटलंड. नऊ फेब्रुवारी एकोणीसशे अकरा.
पहाटे चार वाजून दहा मिनिटं
(वेळसुद्धा लिहून ठेवतात हे लोक).
आई: क्रिस्टिना मॅकफेल. धंदा: हेरिंग साफ करणे.
आर्चिबाल्डच्या नावाखाली, त्याच वळणदार अक्षरात,
एकच शब्द: अनौरस.
आणि बापाचा रकाना?
मी मेणबत्ती जवळ नेली.
तिथे रेघसुद्धा नव्हती.

रात्रभर ती बाई माझ्या डोळ्यांपुढे.
जखमांत मीठ जाऊ नये म्हणून बोटांना चिंध्या,
अंगाला माशांचा वास,
टेबलापाशी उभी,
आणि पलीकडचा साहेब दौतीकडे बघतोय, तिच्याकडे नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं.
कोरी जागा कशी दिसते,
शाळेत, चर्चमध्ये, भरतीच्या रांगेत,
सगळं माहीत होतं.
माहीत असून
त्यानं पट्टी कारकुनाच्या हातात जाऊ दिली.

मोयो म्हणतो, एवढ्यानं काही होणार नाही.
फॉर्म मी फाडलेला नाही. कपाटात आहे,
साखरेच्या डब्याखाली.

बाप खोकत आला. लागला का पत्ता, म्हणाला.
त्याचा नाही, म्हटलं. तुमच्या आजीचा लागला.
मी नाव वाचलं. त्यानं दोनदा म्हणून पाहिलं,
दुसऱ्यांदा जरा बरं जमलं.
मग म्हणाला,
मासे कापताना सुरी ती डाव्या हातात धरत असेल का गं?
आणि स्वतःचा डावा हात
उजेडात धरून बघत राहिला.

मला काय ठाऊक, म्हणणार होते.
तेवढ्यात लाइट आली, फ्रिज थरथरला,
आणि मेणबत्ती विझवायला
आम्ही दोघं एकदमच वाकलो.