पाच लाखांचं शहाळं

रंकाळ्याच्या कठड्यावर बसलो की
अजून कोण ना कोण इचारतंय,
"काय गं, परदेशात काय बघितलीस?"
मी म्हणतो, तळं.
मग हसतात. हितलं काय आटलंय व्हय,
म्हणून इमानानं गेल्यात तळं बघायला!

भिशी लागली रत्नाक्काला,
मला तिच्या आदल्या म्हैन्यात.
ती माझी थोरली जाऊ, शाळा चौथीपतोर.
मी मंगळवार पेठेतली फॉल-पिकोवाली.
पासपोर्टच्या फोटोत दोघी चोरावानी दिसलो.
भाच्यानं मोबाईलवर स्वस्तातलं स्वस्त हुडकलं:
हनोई, चार रात्री, नाष्टा धरून.
आमचे हे म्हणाले, "त्यापरीस जोतिबाला जाऊन या की."
गेलो. जोतिबालाबी गेलो,
नारळ ठेवूनच गाडीत बसलो.

तिकडच्या विमानतळावर पिशवी उघडली
आणि चटणीनं त्या पोराला शिंका सुटल्या.
आठ. मी मोजलो.
कांदा-लसणाची पिशवी गेली पेटीत,
रत्नाक्का मागं वळवळून बघत राहिली,
लेक सासरी घालवल्यागत.

तिथं पैसा लाखात चालतोय.
आपल्या पाच हजारांचे चौदा लाख आले,
दोघी लखपती, पाकीट ब्लाउजात, घामानं भिजलेलं.
पहिल्याच दुपारी शहाळं घेतलो, वीस हजारांचं.
निळी नोट दिलो.
बाईनं घेतली, गाडा ढकलत गेली.
रात्री खोलीत हिशोब जुळंना.
वीस हजारांची नोट निळी, पाच लाखांची बी निळी.
शून्यं वेगळी, पण तहान लागल्यावर
शून्यं कोण मोजत बसतंय?
सतराशे रुपयांचं शहाळं!
म्हणजे वीस साड्यांचा फॉल.
रत्नाक्का काय बोलली न्हाई.
ती बोलली न्हाई की मला भ्या वाटतंय.

मग काय, बोटीची सहल रद्द.
त्या पाण्यातल्या डोंगरांचे फोटो
हाटेलाच्या भिंतीवरच बघितलो.
बाकी सगळं पायी.
रस्ता वलांडायला पंधरा मिन्टं उभा ऱ्हायलो,
मोटरसायकली कुठं थांबतच न्हाईत,
शेवटी शाळेतल्या एका पोरीनं
दोघींना हाताला धरून पल्याड नेलं,
आणि मागं न बघता गेली.
दुपारी उकडलेलं कणीस, एक, दोघींत.
सकाळी तळ्याकाठी म्हाताऱ्या बायका
हवेतच पीठ मळल्यागत हात फिरवत हुत्या.
रत्नाक्कानं पदर खोचला आणि शिरली की त्यांच्यात!
कुणी हाकललं न्हाई.

तिसऱ्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला.
चपलांचीच गल्ली हाय तिथं, आख्खी,
पण माझ्यासारखी एक न्हाई.
फूटपाथवरच्या म्हाताऱ्यानं ती हातात घेतली,
उलटी केली, वास घेतला,
खिळा कुठं हाय ते नखानं हुडकत बसला.
मी मान हलवलो: न्हाई, दादा, खिळाच न्हाई.
तसा हसला. चार दात.
पिवळ्या दोऱ्यानं शिवून दिला,
पैसे घेतला, बरोबर तेवढेच.
या खेपेला मी शून्यं मोजूनच दिलो.

येताना गाडी कराडच्या पुढं आली,
सगळी घोरत हुती, तवा रत्नाक्का बोलली.
"एक सांगू? बोट रद्द झाली ते बरं झालं.
मला पाण्याचं लई भ्या वाटतंय.
सांगायची लाज वाटत हुती तुला."
खिडकीकडं तोंड करून म्हणाली,
"सतराशेत सुटलो."

दोरा अजून तसाच हाय अंगठ्याला.
हितला चांभार म्हणतोय, बदलून देतो, शोभत न्हाई.
मी म्हणतो, ऱ्हाऊ दे.
आणि मशिनीच्या खणात, बॉबिनांच्या खाली,
एक निळी नोट उरलीया.
गिऱ्हाईक नसलं की काढून बघतो.
शून्यं मोजतो.
चारच हाईत.