हिरवं बटण

सोहारमध्ये ऑगस्टात जिन्याचा कठडा धरवत नाही,
आणि आमचं काम तापवायचं.
डांबराच्या सहा टाक्या, तेल तापवणारी एक भट्टी.
डांबर गार झालं की दगड.

खमीससाहेबांना भट्टी खिशात हवी होती.
"मस्कतला बसून विझलेली दिसली
तर मस्कतहूनच पेटली पाहिजे. साधं बटण."
मी बटण दिलं. लाल.
हिरवं कुठाय?
हिरवं भट्टीशेजारी, किल्लीखाली,
काचेतून ज्योत दिसते त्या अंगाला.

विझलेली भट्टी गरीब दिसते, साहेब.
आत गॅस कोंडलाय का, फोनला वास येत नाही.
दादकरीमला येतो. अठरा वर्षं रात्रपाळी:
आधी नाक, मग पाच मिनिटं पंखा, मग ठिणगी.
मी फक्त त्याची सवय कागदावर उतरवली.

झडप उघडी धरायला वीज लागते,
मिटायला काहीच लागत नाही, स्प्रिंग पुरते.
आणि तीनशे दहा अंशांना तुटणारी एक वेगळी तार आहे,
तिला माझा प्रोग्राम ठाऊकच नाही.
मी चुकेन तेव्हा तिनं माझं ऐकू नये, म्हणून.

दर दहा सेकंदांनी भट्टी बाहेर विचारते, आहेस?
तीनदा उत्तर नाही आलं
की परक्याचं ऐकणं सोडते,
इथल्या हुकमावर चालते
आणि दादकरीमची घंटा वाजवते.

आई गुहागरला. तिकडचे साडेनऊ, इकडचे आठ,
एक मिसकॉल. उचलायचा नाही, असं ठरलंय.
काल आला नाही.
सव्वाआठ. लाइट गेली असेल.
साडेआठ. टॉवर पडला असेल.
पावणेनऊला शेजारच्या मुमताजवहिनींना म्हटलं,
जरा बघता का जाऊन?
"बॅटरी घेते नि निघते," म्हणाल्या.

माझ्याकडे इथून दाबायला
लालसुद्धा काही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. दादकरीम.
मागे धुळीचा वारा, त्याचं तोडकं हिंदी:
"लाइन गया. मैं काँच के पास खड़ा है.
नीला है. एकदम नीला."

शुक्रिया म्हटलं, ठेवला,
आणि परत नंबर न बघता
हातात धरून बसलो.
वहिनींना बांध ओलांडून जायचं असतं,
फाटकाची कडी गंजलेली,
पाच मिनिटं तरी लागतात.