पट्टी

वाटीच्या खालच्या टोकापासून
नडगीच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची,
मधोमध निळ्या पेनानं एक ठिपका.
गुडघा काटकोनात, पाऊल अधांतरी.
"सैल सोडा" हे मी दिवसातून चाळीस वेळा म्हणते
आणि ऐकताच माणसं आणखी आवळतात.

मिरजेच्या कॉलेजात, तळमजल्यावर,
आम्ही मोजतो आहोत हौशी खेळाडूंच्या
गुडघ्यांतल्या कंडरेचा ताठरपणा.
फॉर्मवर 'हौशी' असा छापील चौकोन आहे.
हौस किती, ते विचारलेलं नाही.

आज अकरावे जिलानी बारगीर.
वय सत्तेचाळीस. व्हॉलीबॉल, आठवड्यातून पाच दिवस.
डावा गुडघा दुखतो, उडीवरून खाली येताना.
व्यवसाय: तंबोऱ्याच्या जवाऱ्या लावणे.

यंत्राची दांडी ठिपक्यावर टेकवली.
टक टक टक टक टक.
कातडीखालून परत आलेली थरथर
पडद्यावर आकडा होऊन बसली.
उजवा नऊशे बारा. डावा सातशे चाळीस.

"काय म्हणतंय वो?"
म्हटलं, डावा जरा मऊ पडलाय.
"मग बरंच की. घरात मला ताठर म्हणत्यात."
मी वर्गात सांगावं तसं सांगितलं:
कंडरेला ताठरपणा लागतोच,
जमिनीकडून घेतलेलं ती उडीत परत देते,
मऊ पडली की देणं थकतं.
त्यांनी मान डोलावली नाही.
वाकून नखानं गुडघ्याखाली छेडलं,
आधी उजवीकडे, मग डावीकडे,
कान शक्य तितका खाली नेत,
आणि विचारलं, "ही कुठल्या पट्टीत?"

नऊशे बाराची पट्टी मला माहीत नव्हती.

मग तेच बोलत राहिले. घोडीवर तार टेकते
तिथं खालून सुती दोरा सरकवायचा,
केसभर पुढं, केसभर मागं.
त्या दोऱ्याला ते जीव म्हणतात.
जागा गावली की तार बोलाय लागते.
"कधी आठ दिस जात्यात. घाई केली का बसलीच."

मी माझं सांगितलं: सहा आठवडे उडी बंद.
भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं,
पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा.
"आणि मग जीव गावंल?"
पुन्हा मोजू, म्हटलं.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: सहकार्य उत्तम.
खाली दोन ओळी रिकाम्या राहिल्या.

गुरुवारी स्टँडकडे जाताना मैदान लागलं.
दिवे लागले होते, पोरं अंग मोकळं करत होती.
बारगीर खांबाजवळ, दोन्ही पाय जमिनीवर,
जाळीची वरची तार पिळून ताणत होते.
"चला की चाचा, झाली की टाइट!"
त्यांनी नखानं तार छेडली, डोळे मिटले,
एक पीळ उलटा फिरवला,
पुन्हा छेडली.