पश्चिमेची भिंत

हर्णैच्या बंदरावर मासळीचा भाव
मासळीच्या तोंडावर ठरतो.
टोपलीभोवती माणसं, बोटं, शिव्या,
आणि सुरमई उघड्या डोळ्यांनी ऐकत पडलेली.

उन्हाचा भाव ठरला
तेव्हा पडदे ओढलेले होते, एसी चालू.
मला माहीत आहे. फायली मीच आत नेऊन ठेवल्या.
एकतीस वर्षं वीजबिलांवर शिक्के मारले.

आता जुबेदा हुर्जूकच्या बर्फाच्या कारखान्यात
संध्याकाळचा हिशेब बघतो.
पगार: चहा आणि दोन खारी.

तिनं पत्रे काढले, छप्परच पॅनेलचं केलं,
आणि समुद्राकडची आख्खी भिंत काळ्या काचेची.
इंजिनीअर म्हणाला, भिंत वाया जाणार बाई,
दुपारपर्यंत सावलीत असते.

अर्जात रकाना होता: इमारत की वीजनिर्मिती संच?
तिनं दोन्हींवर खूण केली. अर्ज परत.
पुन्हा केला. पुन्हा परत.
तिसऱ्या खेपेला मी लिहून दिलं,
‘भिंतच आहे, साहेब. फक्त कमावती.’

वर्षभर युनिट दिवसा तीन रुपयांनी गेलं
आणि रात्री तेच
बारा रुपयांचं होऊन दारात आलं,
चाकरमान्यासारखं, ऐटीत.

मग तासातासाचं दरपत्रक आलं.
मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.
दुपार मातीमोल,
आता सगळ्यांच्याच छपरावर पिकते ती;
बांगडा लागला की बांगड्याला कोण विचारतं?
पाच वाजल्यापासून मात्र दर चढा.
आणि पाचलाच तर
ऊन भिंतीच्या उंचीवर उतरतं,
सुवर्णदुर्गाच्या बुरजाआड जाईपर्यंत
पाण्यावरून उसळून पुन्हा भिंतीवरच आदळतं.

‘पावसे, हा भाव टिकेल?’
‘एप्रिलपर्यंत.’
‘आणि दुपारचं काय करायचं?’
तीन रुपयांचेही आता दीड झाले होते.
मी वजाबाकी मांडत होतो.
तिनं वहीकडे पाहिलंही नाही.
‘विकायचंच कशाला? गोठवू.’

तेव्हापासून कॉम्प्रेसर भर उन्हात घरघरतो
आणि पाचला गप्प होतो. भिंत कामाला लागते.

पहाटे धक्क्यावर
खलाशी खोऱ्यानं बर्फ ओढतात बोटीत.
थंड, पांढरी, कालची दुपार.
तिच्यासाठी रकाना नव्हता,
मी वहीत ‘इतर’ खाली लिहिली.